अंतर्गळ अर्थात हर्निया

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हर्नियावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. वार्षिकांकात कथा, कविता, सहलीचे वर्णन आणि फार तर आजच्या तरुणाविषयी एखादा चिंतनपर निबंध असावा, असा एक संकेत आहे. शरीराविषयी लिहायचे ते विज्ञान शाखेच्या मंडळींनी, आणि जांघेसारख्या भागाविषयी तर कोणीच लिहू नये! माझा रोख नेमका या शेवटच्या समजुतीवर आहे. हा विकार जितका सर्रास आढळतो तितका तो बोलला जात नाही, आणि न बोलण्यापायीच तो कधी कधी जिवावर बेततो.

आपल्या पालघर-बोईसर भागात त्याला नावे पुष्कळ आहेत. कोणी 'गोळा उतरला' म्हणतो, कोणी 'आतडे खाली आले', कोणी 'पडदा फाटला', तर कोणी 'नस सरकली'. यांपैकी शेवटचे साफ चूक आहे. हर्नियाशी नसेचा संबंध नाही. त्यामुळे नस बसवून देणाऱ्याकडे जाऊन चोळून घेण्यात वेळ जातो, क्वचित इजाही होते. ग्रंथांतून वापरला जाणारा 'अंतर्गळ' हा शब्द मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. आतले काहीतरी गळून बाहेर आले, एवढेच तो सांगतो आणि ते खरे आहे.

ज्यांच्या घरी भातशेती आहे त्यांना हा विकार समजावून सांगण्यास आकृतीची गरज नाही. पावसाळ्यात खाचरात पाणी तुंबलेले असते आणि बांध ते धरून ठेवतो. बांधात कोठेतरी खेकड्याने बीळ पाडले, की पाण्याचा सगळा दाब त्या एका जागी येतो. आधी नुसते पाझरते, मग धार लागते, आणि बीळ दिवसेंदिवस रुंदावत जाते. पोटाची पुढची भिंत म्हणजे असाच एक बांध. ती स्नायूंच्या आणि चिवट पांढऱ्या पडद्यांच्या थरांची बनलेली असते. आत एक पातळ अस्तर आणि त्यामागे आतडी. आपण खोकतो, शिंकतो, कुंथतो, ओझे उचलतो तेव्हा आतला दाब वाढतो. भिंतीत एखादी फट असेल तर अस्तराची पिशवी त्या फटीतून बाहेर फुगते आणि तिच्यात चरबी किंवा आतड्याचे वेटोळे उतरते. आडवे झाल्यावर ते परत आत जाते आणि उभे राहिल्यावर पुन्हा बाहेर येते. 'माझी गाठ रात्री जाते आणि सकाळी येते' असे रुग्ण सांगतो, त्याचे कारण हेच.

पण मग ही फट जांघेतच का पडते? या प्रश्नाचे उत्तर मला वाचताना फार रंजक वाटले. गर्भावस्थेत मुलाचे वृषण पोटात, पार पाठीमागे मूत्रपिंडाजवळ तयार होतात. जन्मापूर्वीच्या शेवटच्या काही महिन्यांत ते खाली सरकत जांघेतून वृषणकोशात उतरतात. उतरताना पोटाच्या अस्तराचे एक बोट ते आपल्याबरोबर खाली नेतात. ही वाट पोटाच्या भिंतीतून तिरकी जाते. मोठ्या माणसात तिची लांबी सुमारे ४ सेंटिमीटर असते. वृषण खाली पोचले की अस्तराचे ते बोट बुजून जावे अशी योजना असते. बहुतेकांचे बुजते, काहींचे बुजत नाही. बोळ रुंद राहिला तर आतडे उतरते. अगदी अरुंद राहिला तर फक्त पाणी झिरपते आणि वृषणाभोवती साठते. हे दुसरे म्हणजे लहान मुलांतील हायड्रोसील. (मोठ्यांना ते इतर कारणांनीही होते, हत्तीरोगानेही होते.) स्त्रियांमध्ये ही वाट अरुंद असते, म्हणून हा विकार पुरुषांत कितीतरी अधिक. इंग्लंडमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, आयुष्यात कधी ना कधी जांघेच्या हर्नियाची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागण्याची शक्यता पुरुषांत शेकडा २७ आणि स्त्रियांत शेकडा ३ आहे. शंभरांत सत्तावीस! आपल्या वर्गातील मुलांची संख्या मनात आणून वाचकांनी हिशेब करावा.

आता प्रकारांकडे वळू. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून जननेंद्रियाच्या वरच्या हाडापर्यंत एक तिरका, घट्ट बंध जातो. जांघेची घडी साधारण त्याच रेषेत पडते. गाठ या बंधाच्या वर असेल तर तो जांघेचा हर्निया, खाली असेल तर मांडीचा. जांघेच्या हर्नियाचे पुन्हा दोन पोटभेद आहेत.

पहिला अप्रत्यक्ष. वर सांगितलेला, जन्मतःच न बुजलेला बोळ हे त्याचे मूळ. त्यातून उतरलेले आतडे तिरक्या वाटेने थेट वृषणकोशापर्यंत जाऊ शकते. गंमत अशी की बोळ जन्मापासून उघडा असला तरी हर्निया दिसतो कधी पाळण्यात, तर कधी चाळिशीत. म्हणून 'परवापर्यंत काही नव्हते, त्या दिवशी गोण उचलली आणि झाले' ही हकीकत अर्धीच खरी असते. गोणीने दार ढकलले, पण ते उघडे होते. उजवे वृषण थोडे उशिरा उतरते, म्हणून हा प्रकार उजवीकडे अधिक.

दुसरा प्रत्यक्ष. यात जुनी वाट नसते. त्या वाटेची मागची भिंतच वयाने, ताणाने झिजते आणि सरळ पुढे फुगते. तो बहुधा प्रौढांना आणि वृद्धांना होतो. कित्येकदा दोन्ही बाजूंना होतो. त्याचे तोंड रुंद असल्यामुळे आतडे त्यात सहसा अडकत नाही.

तिसरा मांडीचा. त्याच्यासाठी मी थोडी अधिक जागा घेणार आहे. मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारी एक अगदी चिंचोळी फट असते, तिच्यातून हा उतरतो. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, विशेषतः उतारवयातील स्त्रियांत आढळतो. गाठ सुपारीएवढी, कधी तेवढीही नाही, दुखतही नाही. पायाला जखम झाल्यावर जांघेत जे अवधाण येते तेच हे, असे समजून ती सोडून दिली जाते. पण फटीच्या कडा ताठ असतात, आणि एकदा आतडे शिरले की त्या त्याला आवळतात. १९९१ साली लंडनमधील शल्यचिकित्सकांनी दिलेले आकडे बोलके आहेत. जांघेचा हर्निया दिसू लागल्यापासून ३ महिन्यांत तो आवळला जाण्याची शक्यता शेकडा २.८, आणि २ वर्षांत ४.५. मांडीच्या हर्नियाबाबत हेच आकडे ३ महिन्यांत २२ आणि २१ महिन्यांत ४५! म्हणजे दिसायला सर्वांत लहान गाठ सर्वांत घातकी.

यातही आणखी एक फसवणूक आहे. कधी कधी आतड्याची पूर्ण नळी न अडकता तिची एक कडच अडकते. मग पोट साफ होत राहते, वारा सरत राहतो, आणि सगळ्यांना वाटते की पोटात काही अडलेले नाही. मी ज्या डॉक्टरांना हे सारे विचारले त्यांनी सातपाटीकडच्या एका आजींची हकीकत सांगितली. दोन दिवस उलट्या चालू होत्या. एका दवाखान्यात त्यांना पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. जांघेतल्या गाठीविषयी आजी बोलल्या नाहीत, कारण परक्या पुरुषाला ते कसे सांगायचे? आणि लुगड्यातल्या आजींना ते कोणी विचारले नाही. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली तेव्हा आतड्याचा वीतभर तुकडा काळा पडला होता. तो कापून काढावा लागला. आजी वाचल्या. मी त्या डॉक्टरांना विचारले, असे न वाचणारे किती? ते म्हणाले, "ते माझ्यापर्यंत पोचतच नाहीत, मग मोजणार कसे?"

'आवळला जाणे' म्हणजे काय, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. बाहेर आलेले आतडे नेहमीप्रमाणे आत जाईनासे होते. फटीच्या कडा त्याच्या शिरा दाबतात, ते सुजते, सुजल्यामुळे अधिकच अडकते, आणि शेवटी त्याचा रक्तपुरवठा थांबतो. येथून पुढचा हिशेब तासांचा आहे, दिवसांचा नव्हे. गाठ एकाएकी टणक झाली, हात लावू देईना इतकी दुखू लागली, आडवे होऊनही आत जाईना, पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या, तर ती दाबत बसू नये, शेकू नये, रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नये. जेथे शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयाचा रस्ता धरावा. मोखाड्याच्या किंवा विक्रमगडच्या एखाद्या पाड्यावरून हे तास कसे जातात, हे त्या बाजूने आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या मित्रांना मी सांगायला नको. रात्री जीप मिळेपर्यंतच निम्मे संपतात.

ही झाली भीतीची बाजू. दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. प्रत्येक हर्निया म्हणजे उद्याचे संकट नव्हे. अमेरिकेत ७२० पुरुषांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले, की ज्यांना जांघेच्या हर्नियाचा फारसा त्रास नाही त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाट पाहिली तर चालते. अचानक अडकण्याचे प्रसंग हजार माणसांमागे वर्षाला दोनहूनही कमी आले. तथापि १० वर्षांत त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी अखेर शस्त्रक्रिया करून घेतलीच, आणि ती मुख्यतः दुखू लागले म्हणून. ही सवलत स्त्रियांना, मांडीच्या हर्नियाला आणि तान्ह्या मुलांना लागू नाही. तान्ह्या मुलाच्या जांघेतली गाठ लवकर दाखवावी. ती आपोआप जात नाही. बेंबीचा फुगवटा मात्र बहुतेक मुलांत आपोआप बरा होतो, आणि आपण त्यावर नाणे बांधून त्याचे श्रेय नाण्याला देतो!

हर्निया ओझ्याने होतो का? आपल्या भागात हा प्रश्न केवळ वैद्यकीय नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पिंपे आणि गोण्या चढवणारे-उतरवणारे कामगार, होडी वाळूवर ओढणारे कोळी, मिठागरात आणि वीटभट्टीवर राबणारी कुटुंबे, डोक्यावर लाकडाची मोळी आणणाऱ्या बाया, यांच्या अंगावर ओझे कायमच आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'वृद्धी'चे जे सात प्रकार दिले आहेत त्यांत आंत्रवृद्धी आहे, आणि तिच्या कारणांत ओझे वाहणे, बलवानाशी झुंजणे, झाडावरून पडणे ही नावे आहेत. गाठ दाबली असता आवाज करीत वर जाते आणि सोडली की पुन्हा फुगते, हेही तेथे नोंदले आहे. इतक्या जुन्या काळी इतके अचूक निरीक्षण! आजचे वैद्यक मात्र ओझ्याला एकट्याला दोषी धरत नाही. जन्मजात फट, घराण्यातील प्रवृत्ती, ऊतींचा कमकुवतपणा, धूम्रपान, जुनाट खोकला, प्रोस्टेटमुळे लघवीला कुंथावे लागणे, असे बरेच काही त्यात असते. माझ्या मते ओझे वाहणाऱ्याच्या दृष्टीने हा वाद गौण आहे. फट कशानेही पडो, ती घेऊन गोण उचलावी लागते हे त्याचे दुःख आहे.

माझे एक मामा याच वसाहतीत कंत्राटी पद्धतीने माल चढवण्याचे काम करतात. जांघेतली गाठ त्यांनी तीन वर्षे लपवली, मामींपासूनसुद्धा. लाज होती, पण लाजेपेक्षा हिशेब मोठा होता. ठेकेदाराला कळले तर उद्यापासून हलक्या कामावर, किंवा घरी. म्हणून त्यांनी पट्टा आणला. रेल्वे स्थानकाबाहेरच्या भिंतींवर 'विना ऑपरेशन' अशा जाहिराती आपण रोज पाहतो. त्यांचीही एक पुडी घेऊन झाली. पट्ट्याविषयी एवढेच सांगतो. खेकड्याच्या बिळावर बाहेरून हात दाबून धरला तर हात आहे तोवर पाणी थांबते. बीळ बुजत नाही. शस्त्रक्रियेपर्यंत डॉक्टरांनीच सांगितला तर पट्टा ठीक. एरवी तो आतडे बाहेर असताना बांधला गेला तर अपायच करील. औषधाने तर भिंतीतली फट शिवली जात नाही, मग ते औषध कोणत्याही पॅथीचे असो.

वृषणकोशात उतरलेला हर्निया सुश्रुताने असाध्य मानला होता. तो साध्य झाला एकोणिसाव्या शतकात. एडोआर्डो बासिनी हा इटालियन शल्यचिकित्सक तरुणपणी गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांत होता; १८६७ साली रोमजवळच्या चकमकीत त्याच्या जांघेतच संगीन घुसली होती. पुढे पाडुआ येथे त्याने जांघेच्या त्या तिरक्या वाटेचा थरन्‌थर अभ्यास केला आणि मागची भिंत नव्याने शिवण्याची पद्धत १८८७ साली मांडली. पद्धत उत्तम, पण दूरदूरच्या कडा ओढून शिवल्या की टाक्यांवर ताण येतो, आणि ताणलेली शिवण काही वर्षांनी उसवते. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिस येथील आयर्विंग लिक्टेनस्टाइन यांनी कडा न ओढता फटीवर कृत्रिम धाग्याची जाळी बसवण्याची रीत रूढ केली. आपल्याकडे कारवीच्या काठ्यांचा कूड उभारून त्यावर शेणमाती लिंपतात, तसेच हे आहे. जाळी म्हणजे कारवी. तिच्या छिद्रांतून शरीराच्या ऊती वाढतात आणि भिंत तयार होते. ही शस्त्रक्रिया तेवढाच भाग बधिर करूनही करता येते. दुर्बिणीतून करण्याच्या पद्धतीत छेद लहान, पण पूर्ण भूल आणि महाग यंत्रसामग्री लागते. लहान मुलांना जाळी लागत नाही. पिशवीचे तोंड बांधले की काम होते.

अडचण आली ती जाळीच्या किमतीची. तिचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातल्या एका लहान गावातून मिळाले, हे आपणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पालघरहून सुरतेकडे जाताना उधन्याला खानदेशाचा फाटा फुटतो. त्या लोहमार्गावर धुळे जिल्ह्यात दोंडाईचा आहे. तेथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी विचार केला, की बाजारातली महाग जाळी आणि मच्छरदाणीचे कापड यांत फरक तो काय? दोन्हींचा धागा एकाच कुळातील प्लॅस्टिकचा. कीटकनाशक न लावलेले मच्छरदाणीचे कापड धुऊन, कापून, निर्जंतुक करून त्यांनी ते वापरले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील सहकाऱ्यांसह केलेल्या साडेतीनशेहून अधिक शस्त्रक्रियांचा अहवाल त्यांनी २००३ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त प्रसिद्ध केला. प्रथम अनेकांनी नाके मुरडली असतील, मच्छरदाणी ती मच्छरदाणीच! पण पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर तुलना झाली. निम्म्यांना महाग जाळी, निम्म्यांना मच्छरदाणीच्या कापडाची. २०१६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया उलटला, महाग जाळीच्या गटात कोणाचाही नाही; गुंतागुंतींचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे. किमतीतला फरक मात्र कितीतरी पटींचा.

पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डा यांनी तर जाळीच वगळली. रुग्णाच्या स्वतःच्या स्नायूच्या पांढऱ्या पडद्याची एक पट्टी फिरवून मागची भिंत भक्कम करण्याची त्यांची पद्धत २००१ साली प्रसिद्ध झाली. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर तिची लिक्टेनस्टाइन पद्धतीशी तुलना झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ३ वर्षांनंतर हर्निया उलटण्याचे प्रमाण दोन्हींत सारखेच आढळले. दोंडाईचा आणि पुणे ही नावे युगांडात आणि पोलंडमध्ये शस्त्रक्रियागृहात उच्चारली जातात, याचा मला अभिमान वाटला. तो येथे नोंदवून ठेवतो.

मामांची शस्त्रक्रिया झाली, तीही जाळी बसवून. दुसऱ्या दिवशी ते चालत होते. हलकी कामे थोड्याच दिवसांत करता येतात. जड ओझ्यासाठी डॉक्टरांनी सहा आठवडे थांबायला सांगितले. शस्त्रक्रियेच्या खर्चाचा प्रश्न पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. खरा प्रश्न या सहा आठवड्यांचा आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असेल आणि ठरलेल्या मुदतीची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. कंत्राटी कामगारालाही हा हक्क असतो, पण आपले नाव नोंदलेले आहे की नाही हे कित्येकांना माहीत नसते. मामांचे होते. पगाराच्या चिठ्ठीवर ती कपात वर्षानुवर्षे दिसत होती. ती कशाची, हे त्यांनी कधी विचारले नव्हते. आपल्यापैकी ज्यांचे वडील, काका, भाऊ वसाहतीत कामाला आहेत त्यांनी आज घरी जाऊन ती चिठ्ठी वाचून दाखवावी. कला शाखेच्या विद्यार्थ्याला एवढे नक्की जमेल.

वीटभट्टीवर जाणाऱ्यांना अशी चिठ्ठीही नसते. दिवाळीनंतर ती कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-वसईकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मग लावणी, मग कापणी. डॉक्टरांनी मला कॅलेंडर दाखवून विचारले, "यांना सहा आठवडे कोणत्या महिन्यात देऊ?" आम्ही दोघांनी बोटांवर मोजून पाहिले. लावणी संपल्यापासून कापणी सुरू होईपर्यंत, म्हणजे श्रावणाच्या मध्यापासून नवरात्राच्या आसपासपर्यंतचे दिवस काय ते मोकळे होते. तेव्हा पाड्याच्या रस्त्यावर चिखल असतो. तरीही ज्यांना गाठ आहे त्यांना हेच दिवस सुचवावेत, असे त्यांचे म्हणणे पडले.